भाजीच्या भावात कशाकशाचे पैसे असतात?

शहरात राहणाऱ्या माणसाला भाजी-फळांबाबत एक सल्ला सगळीकडून मिळतो: जवळपास पिकलेलं घ्या, हंगामातलं घ्या, ते ताजंही असतं आणि स्वस्तही पडतं. सल्ला चांगला आहे, पण त्यात चार निरनिराळ्या गोष्टी एकाच मोळीत बांधल्या आहेत आणि त्या दर वेळी एकत्र येतातच असं नाही. जवळच्या बागेतलं सफरचंद शीतगृहात आठ-दहा महिने काढून आलेलं असू शकतं. म्हणजे जवळचं, पण ताजं नाही. थेट शेतकऱ्याच्या हातून घेतलेली पालेभाजी मोठ्या दुकानातल्यापेक्षा महाग निघू शकते. दूरच्या उबदार मुलखातून आलेल्या टोमॅटोला लागलेली ऊर्जा, कडाक्याच्या थंडीत तापवलेल्या जवळच्या काचघरातल्या टोमॅटोपेक्षा कमी असू शकते.

मग शोधायचं काय आणि कुठे? माझ्या मते सुरुवात भावापासून करावी. शेतातून आपल्या पिशवीत येईपर्यंत भाजी कुणीतरी तोडतं, निवडतं, भरतं, वाहून आणतं, मोठ्या ढिगाचे लहान वाटे करतं, दिवसभर घेऊन बसतं आणि त्यातली जी नासेल तिचा तोटा सोसतं. आपण मोजतो ते पैसे या सगळ्या कामांचे असतात. यातलं एखादं काम आपण स्वतःच्या अंगावर घेतलं, की तेवढा भाव उतरतो. कुणी पहाटे उठून लांब जाईल, कुणी पेटीभर माल एकदम उचलेल, कुणी वाकडीतिकडी भाजी चालवून घेईल, कुणी हंगामाच्या आधी पैसे भरेल. शहरात स्वस्त भाजी मिळण्याचे जेवढे म्हणून मार्ग आहेत, ते सगळे यातल्याच कुठल्या ना कुठल्या कामाशी जाऊन भिडतात.

या कामांत सगळ्यात महागडं काम तोटा सोसण्याचं. साधा हिशेब मांडू. विक्रेत्याने सकाळी 10 किलो पालेभाजी आणली आणि संध्याकाळपर्यंत 2 किलो सुकून-सडून गेली. आता 10 किलोंचे पैसे त्याला 8 किलोंतून काढायचे आहेत. नफा राहिला बाजूला, नुसतं मुद्दल सुटायला किलोमागे 25 टक्के भाव चढवावा लागतो. निम्मा माल गेला तर दुप्पट. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार कंदमुळं, फळं आणि भाज्या यांचा 40 ते 50 टक्के वाटा जगभरात शेत ते ताट या प्रवासात कुठे ना कुठे वाया जातो. धान्याच्या बाबतीत हेच प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास आहे. विक्रेता लुटतो असं म्हणण्याआधी हा हिशेब ध्यानात असू द्यावा. लुटणारेही असतात, नाही असं नाही.

तोडली तरी भाजी जिवंत असते

एक भाजी चार तासांत मान टाकते आणि दुसरी चार महिने टिकते, याचं कारण श्वसनात आहे. झाडावरून तोडल्यावरही भाजीच्या पेशी मेलेल्या नसतात. प्राणवायू घेणं, साठलेली साखर जाळणं, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर टाकणं चालूच राहतं. बंद होतो तो मुळांकडून येणारा पाण्याचा आणि पानांकडून येणारा साखरेचा पुरवठा. नोकरी सुटलेल्या माणसाने शिलकीवर दिवस काढावेत तसं ते असतं. ज्याचा खर्च मोठा, त्याची शिल्लक आधी संपते.

मटार, मक्याची कोवळी कणसं, ब्रोकोली, पालक, मशरूम हे मोठ्या खर्चाचे गडी. कांदा, लसूण, बटाटा, सफरचंद हे काटकसरी. त्यात तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. गोड मक्याच्या जुन्या वाणांचं कणीस 30 अंशांत एक दिवस राहिलं तर त्यातली अर्धीअधिक साखर पिठूळ स्टार्चमध्ये बदलून जाते. तेच कणीस तोडल्या-तोडल्या शून्य अंशाजवळ नेलं तर या नुकसानीचा जेमतेम दहावा हिस्सा होतो. पालेभाज्यांना दुसरंही एक संकट असतं. त्यांच्या वजनात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि पानांचा पसारा मोठा असल्याने ते भराभर उडतं. त्यातलं थोडंसं गेलं तरी पानं मलूल पडतात आणि गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

यातून खरेदीचा पहिला नियम निघतो. जवळचंच हवं हा हट्ट सगळ्या भाज्यांसाठी धरण्याची गरज नाही. पालेभाज्या, मटार, मक्याची कणसं, कोवळ्या शेंगा, नाजूक फळं यांच्याबाबतीत जरूर धरावा. तिथे अंतर म्हणजे चव, जीवनसत्त्वं आणि नासाडी यांचा थेट सौदा असतो. कांदा, बटाटा, लाल भोपळा, कोबीचा घट्ट गड्डा शंभर किलोमीटरवरून आला की पाचशे, जिभेला कळत नाही. तिथे भाव बघावा आणि मोकळं व्हावं. खिशात मोजके पैसे असतील, तर ‘जवळचं आणि ताजं’ यासाठी जास्तीचे मोजायचे ते पहिल्या गटावर.

हे गणित जुनं आहे. योहान हाइनरिश फॉन थ्यूनन हा जर्मन जमीनदार अर्थशास्त्रात रमलेला होता. 1826 साली त्याने एक कल्पना मांडली: सपाट मैदान, सगळीकडे सारखीच जमीन, मधोमध एकच शहर आणि माल वाहायला बैलगाड्या-घोडागाड्या. अशा ठिकाणी कोण कुठे काय पिकवेल? त्याचं उत्तर होतं, शहराला वळसा घालणारी वर्तुळं. अगदी जवळच्या वर्तुळात भाजीपाला आणि दूध, कारण ते थांबत नाही. त्यापलीकडे सरपणाचं जंगल, मग धान्य, आणि सगळ्यात बाहेर गुरं, कारण ती स्वतःच्या पायांनी चालत बाजारात येतात. पुढे रेल्वे आली, बर्फाचे डबे आले, थंड ट्रक आले आणि ही वर्तुळं विस्कटली. तरी पहिलं वर्तुळ पुरतं पुसलं गेलेलं नाही. बहुतेक शहरांच्या कडेला, नदी-ओढ्याच्या आसऱ्याने, इमारतींच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यांत पालेभाजीचे वाफे अजून दिसतात. जवळची भाजी शोधायची तर नकाशावर पहिलं बोट तिथे ठेवावं. मात्र पाणी कुठलं देतात हे त्याच वेळी पाहून घ्यावं. सांडपाण्यावर वाढलेली भाजी हाताच्या अंतरावर असली तरी कामाची नाही.

फळ पिकतं कुठे?

फळांचं शास्त्र थोडं वेगळं आहे आणि ते कळलं की बाजारातली बरीच कोडी सुटतात. केळं, सफरचंद, टोमॅटो, आंबा, नाशपाती, अव्होकाडो ही फळं तोडल्यावरही पिकतात. ती स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याच वायूने त्यांचं पिकणं पुढे सरकतं. द्राक्षं, संत्री, स्ट्रॉबेरी, अननस, कलिंगड, डाळिंब यांना ही सोय नाही. तोडताना जेवढी गोडी असेल तेवढीच. नंतर रंग बदलेल, फळ मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही.

म्हणून दूरच्या बाजारासाठी पहिल्या गटातली फळं हिरवी, कडक असतानाच उतरवतात. केळ्यांचं त्याने फारसं बिघडत नाही. टोमॅटोचं बिघडतं. रंग येतो, पण झाडावर राहून मिळणारी साखर आणि वास पुरते येत नाहीत. त्यात साधारण 12 अंशांखालची थंडी टोमॅटोला सोसत नाही. फ्लोरिडातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं, की थंडीत ठेवलेल्या टोमॅटोत वास तयार करणारी जनुकं दबून जातात आणि फळ पुन्हा बाहेर काढलं तरी ती पूर्ण सावरत नाहीत. घरच्या फ्रिजलाही हे लागू आहे, दुकानाच्या शीतकपाटालाच नव्हे. दुसऱ्या गटातली फळं घेताना तर एकच विचारायचं: पूर्ण पिकल्यावर तोडलंय का? तिथे जवळच्या बागवाल्याकडे खरा फायदा असतो, कारण प्रवास थोडा असल्याने पिकण्याची वाट पाहणं त्याला परवडतं.

सफरचंदाची गोष्ट उलटी. फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1920 च्या दशकात शोधून काढलं, की थंड खोलीत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवला तर सफरचंदाचा श्वास मंदावतो आणि फळ महिनोन्‌महिने टिकतं. तेव्हापासून सफरचंदाला बाजारात बाराही महिने हंगाम आहे. साठवलेलं खाऊ नये असं मुळीच नाही. पण ‘स्थानिक’ अशी पाटी वाचून ताज्याचा भाव मोजू नये.

हंगाम म्हणजे आवक

हंगामाचे तक्ते सगळीकडे मिळतात आणि माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. तक्ता महिना सांगतो. पाऊस लांबला, थंडी उशिरा पडली की पंधरा-वीस दिवसांचा फरक सहज पडतो. शिवाय शहराजवळ डोंगर असेल तर तिथला हंगाम खालच्या सपाटीपेक्षा वेगळा चालतो. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून खाली पालक फुलोऱ्यावर येऊन संपला तरी वर तो अजून कोवळा असतो.

पालक फुलोऱ्यावर येतो तो काही लहरीने नव्हे. दिवस लांबले आणि ऊन तापलं की पानं वाढवण्याचा काळ सरला हे त्या रोपाला कळतं. ते मधूनच उंच दांडा वर काढतं आणि पानं जाडसर, कडवट होतात. कांद्याचंही तसंच: दिवसाची लांबी ठरावीक तासांवर गेली की गड्डा धरायला लागतो, आणि हे तास वाणागणिक वेगळे. विषुववृत्ताजवळ दिवसाची लांबी वर्षभर फारशी हलत नाही. तिथे हंगाम ठरवतो तो पाऊस. म्हणून एका देशाचा तक्ता दुसरीकडे लावून चालत नाही. कधीकधी एकाच देशाच्या दोन टोकांनाही चालत नाही.

हंगाम ओळखायचा तो ढिगावरून. एखादी भाजी पहिल्यांदा येते तेव्हा ती दोन-तीन जणांकडेच असते, लहान वाट्यांत मांडलेली आणि चढ्या भावाची. लोक नवलाईपोटी घेतात. आपण थांबावं. दोन-तीन आठवड्यांत तीच भाजी प्रत्येकाकडे दिसू लागते, ढीग उंच होतात, विक्रेते नगावर किंवा जुडीवर विकायचं सोडून पाटीवर येतात, हाका सुरू होतात. हा भर हंगाम. चव, ताजेपणा आणि भाव तिन्ही एका रेषेत येतात ते याच काळात, आणि तो बहुतेक भाज्यांना चार-सहा आठवड्यांपलीकडे मिळत नाही. नंतर जून झालेला, दशी असलेला माल येऊ लागतो; भाव कधी खाली राहतो, कधी चढतो, पण खाण्यात मजा नसते.

आवक थोडी वाढली तर भाव थोडा उतरेल असं वाटतं. तसं होत नाही, तो धाडकन कोसळतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ग्रेगरी किंग याने धान्याचा केलेला अंदाज 1699 मध्ये चार्ल्स डॅव्हेनंटच्या लिखाणातून छापला गेला: पीक दहा टक्के घटलं तर भाव तीस टक्के चढतो, वीस टक्के घटलं तर ऐंशी टक्के. माणसाचं पोट ठरलेलं असल्यामुळे असं होतं. तेच गणित उलट्या बाजूने भाजीला लावा. बाजारात टोमॅटो दीडपट आला म्हणून घरोघरी दीडपट खाल्ला जात नाही, आणि उद्यासाठी ठेवावा तर तो थांबत नाही. मग विकणारा मिळेल त्या भावाला सोडतो.

नाशवंत माल विकणाऱ्याच्या मानेवर घड्याळाचा काटा असतो, हे नेदरलँड्समधल्या ब्रुक ऑप लाँगेडाइक या गावाने उघडच मान्य केलं. तिथे 1887 पासून भाजीचा लिलाव होऊ लागला, आणि तो उलटा. भाव वरून सुरू व्हायचा आणि खाली-खाली यायचा. जो व्यापारी आधी थांबवेल त्याचा माल. कोबी-फ्लॉवर भरलेल्या होड्या कालव्यातून सरळ लिलावाच्या इमारतीत शिरत, विकल्या जात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत. पडत्या भावाचा असा लिलाव झटपट उरकतो, कारण कुणालाच रेंगाळणं परवडत नाही. कुठल्याही शहरातल्या भाजीबाजाराची संध्याकाळ हा त्याचाच अघोषित प्रकार असतो.

बाजारात गेल्यावर

शेतकरी बाजार अशी पाटी लावलेल्या सगळ्याच ठिकाणी शेतकरी असतात असं नाही. घाऊक बाजारातून माल उचलून तिथे मांडणारेही असतात. त्यात गुन्हा नाही, पण मग जास्तीचा भाव कशासाठी द्यायचा? ओळखायला कागदपत्रं लागत नाहीत. मांडणी बघा. स्वतः पिकवणाऱ्याकडे एका वेळी पाच-सात प्रकारच निघतात, आणि त्यांतही एक-दोन प्रकारांचा ढीग मोठा. आकार लहानमोठे, मुळांना माती, आणि ती माती पाटीच्या तळाशी सांडलेल्या मातीसारखीच. दुसरीकडे पंचवीस प्रकार एका मापाचे, छापील खोक्यांत, आणि त्यांत आत्ता इथे पिकूच शकत नाही असं एखादं फळ.

मग दोन प्रश्न विचारावेत. तोडणी कधीची? आणि पुढच्या पंधरवड्यात काय येणार? पहिल्याचं उत्तर कुणीही पाठ करून ठेवू शकतं. दुसऱ्याचं उत्तर ज्याच्या शेतात रोप उभं आहे त्यालाच येतं, आणि ते बहुधा एका वाक्यात संपत नाही: शेंगा धरल्यात पण पाऊस नको आता, मुळे आठ दिवसांत निघतील, दुसरी लावणी उशिरा झाली. असा माणूस सापडला की त्याला धरून ठेवावं. ओळख वाढली की उरलेला माल कधी स्वस्तात सोडतो, काय घेऊ नये, हे तोच सांगतो.

भाजी हातात घेतल्यावर पानांआधी कापलेली बाजू पाहावी. जुडीच्या देठांची टोकं ओलसर आणि फिकट असतील तर कापणी अलीकडची. तपकिरी, सुकलेली, आत ओढलेली असतील तर दोन-तीन दिवस उलटले. पानांवर पाणी मारून टवटवी आणता येते, टोकाला ती येत नाही. काही जण टोकं पुन्हा छाटतात, तेव्हा सगळी जुडी एका रेषेत, नको इतकी नीट दिसते. टोमॅटोचं हिरवं देठचक्र ताठ असावं. मटाराच्या शेंगा मुठीत दाबून एकमेकींवर घासल्या की चुरचुर आवाज यावा. फ्लॉवरच्या भोवतीची पानं सगळी काढून टाकलेली असतील तर का काढली असतील याचा विचार करावा.

वेष्टनातल्या मालावरची अक्षरं नीट वाचली तर उपयोगी पडतात, पण ती जे सांगत नाहीत ते त्यांच्याकडून वदवू नये. बारकोडच्या सुरुवातीचे आकडे पाहून माल कुठल्या देशातला हे ओळखता येतं, असा पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. ते आकडे कंपनीची नोंदणी कुठे झाली ते सांगतात, पीक कुठे आलं ते नाही. फळावरच्या छोट्या चिकटपट्टीवरचा चार आकडी क्रमांक प्रकार आणि आकार सांगतो. पाच आकडी असून 9 ने सुरू होत असेल तर सेंद्रिय. मूळ देशाचं नाव वेगळं छापलेलं असेल तेच ग्राह्य.

वाकड्या मालाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे पैसे वाचतात आणि चवीत काडीचाही फरक पडत नाही. युरोपीय समुदायाने 1988 मध्ये काकडीच्या प्रतवारीचा नियम केला: पहिल्या दर्जाच्या काकडीचा बाक दहा सेंटिमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरपेक्षा जास्त नको. वर्तमानपत्रांनी त्याची वर्षानुवर्षं टर उडवली. नियमामागे मात्र साधं कारण होतं: सरळ काकड्या खोक्यात मोजून, घट्ट बसतात आणि न पाहताच सौदा करता येतो. प्रतवारी ही वाहतूक करणाऱ्याची सोय आहे, खाणाऱ्याची नव्हे. 2009 मध्ये काकडीसह 26 प्रकारच्या फळं-भाज्यांवरचे असे नियम उठवले गेले. 2014 साली फ्रान्समधल्या इंटरमार्शे या दुकानसाखळीने बेढब भाज्या-फळं 30 टक्के कमी भावाने विकायला ठेवली आणि लोकांनी ती उचलली. जिथे अशी सोय नाही तिथे पिकवणाऱ्यालाच विचारावं: दुय्यम माल असतो का? असतोच. पुष्कळदा तो कुणी विचारत नाही म्हणून गाडीतच राहतो. डाग, ओरखडे, वाकडेपणा चालेल. बुरशी, मऊ पडलेला भाग आणि आंबूस वास चालणार नाही.

घाऊक बाजारात जायचं असेल तर पहाटेची झोप सोडावी लागते आणि पेटी किंवा पोतं घ्यावं लागतं. पॅरिसचा जुना घाऊक बाजार 1969 मध्ये शहराच्या मध्यातून उठून रुंगीस या उपनगरात गेला, आणि जगभर बऱ्याच शहरांनी तसंच केलं. त्यामुळे आता जाण्यायेण्याचा खर्चही धरावा लागतो. एकट्यासाठी चार किलोंमागे पैसे वाचवायला स्वतःची गाडी काढून तीस किलोमीटर जाणं हा शुद्ध तोटा. चार-पाच घरांनी आळीपाळीने एकाला पाठवलं तर मात्र हिशेब बसतो. भाजी निवडून समान वाटे करण्याचं काम कुणाकडे, खराब निघाली तर तोटा कुणाचा, हे आधी बोलून घ्यावं. असे गट पैशांवरून क्वचितच मोडतात. ते वाट्यांवरून मोडतात.

बाजार उठताना जाणं हा सगळ्यांना माहीत असलेला मार्ग. तिथे निवड उरलेली नसते आणि माल त्याच दिवशी शिजवावा लागतो. ज्याचा स्वयंपाक ‘काय मिळालं त्यावर’ ठरतो त्यालाच तो फळतो.

आधी पैसे, मग पीक

वर्गणीची पद्धत यापेक्षा वेगळी. हंगामाच्या सुरुवातीला काही कुटुंबं शेतकऱ्याला पैसे देतात आणि दर आठवड्याला जे निघेल त्याचा वाटा घेतात. जपानमध्ये 1970 च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने ही चळवळ वाढली. अमेरिकेत 1986 मध्ये ईशान्येकडच्या दोन शेतांवर सुरुवात झाली. फ्रान्समध्ये 2001 पासून तिचे गट उभे राहिले. बियाणं-खताच्या वेळी हातात पैसा आल्याने शेतकऱ्याचं कर्ज वाचतं, आणि माल आधीच विकलेला असल्याने नासाडी थोडी. बदल्यात पिकाची जोखीम आपण वाटून घेतो. गारपीट झाली तर टोपली हलकी येते आणि पैसे परत मिळत नाहीत.

ही स्वस्त पडते का? टोपलीतलं सगळं खाल्लं तरच. सलग तीन आठवडे कोबी आला तर घरात काय होईल, याचं खरं उत्तर आधी शोधावं. न आवडणारी भाजी कुजवून टाकणाऱ्या घराने वर्गणी भरू नये, वाटलंच तर शेजाऱ्याबरोबर अर्धी घ्यावी. आणि पैसे भरण्याआधी शेत एकदा डोळ्यांनी पाहावं. नुसते मधले गोळा करणारे याच नावाने टोपल्या विकतात.

पर्यावरणासाठी म्हणून जवळचं घेत असाल तर एक आकडा माहीत असावा. अमेरिकेतल्या अन्नावर 2008 मध्ये झालेल्या वेबर आणि मॅथ्यूज यांच्या अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी 83 टक्के उत्पादनातच निघाले. सगळी वाहतूक मिळून 11 टक्के, आणि उत्पादकाकडून दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा फक्त 4 टक्के. विमानाने येणारा नाजूक माल हा अपवाद, तो टाळलेलाच बरा. बाकी किलोमीटर मोजत बसण्यापेक्षा आणलेलं वाया न घालवणं जास्त परिणामकारक आहे.

स्वतः पिकवण्याचा विषय निघाला की लोक बटाटे-टोमॅटोकडे धावतात. जागा थोडी असेल तर उलट करावं: कोथिंबीर, पुदिना, पालक, मिरची असं, जे चिमूटभर लागतं पण जुडीभर घ्यावं लागतं आणि लगेच सुकतं. बटाटा बाजारातच स्वस्त आहे, कुंडी त्याच्यासाठी अडवू नये. रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर फळभाज्यांचा नाद सोडावा. जुन्या वस्तीतल्या किंवा रहदारीच्या रस्त्यालगतच्या जमिनीत जुन्या रंगांतलं आणि शिसेयुक्त पेट्रोलमधलं शिसं साठून राहिलेलं असतं. अशा मातीत थेट पेरण्याआधी ती तपासून घ्यावी, नाहीतर बाहेरची चांगली माती आणून उंच वाफे करावेत. क्युबाला मिळणारी सोव्हिएत मदत आटल्यावर 1990 च्या दशकात तिथल्या हवाना शहराने रिकाम्या जागांवर भाजी पिकवली ती बरीचशी अशाच बांधीव वाफ्यांत.

घरी आल्यावर

स्वस्त आणलेली भाजी घरात सडली तर ती सगळ्यात महाग. मघाचा 10 किलोंचा हिशेब इथे आपल्याला लागू होतो, कारण तोटा सोसण्याचं काम आता आपल्याकडे आलेलं असतं.

पालेभाजी आल्या-आल्या निवडावी, पण धुऊ नये. कोरडी करून सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून थंड ठेवावी आणि वापरताना धुवावी. गाजर-मुळ्याचा पाला लगेच वेगळा करावा, नाहीतर तो मुळातलं पाणी ओढून घेतो. टोमॅटो देठाची खूण खाली करून फ्रिजबाहेर. पाणी मुख्यतः त्या खुणेतूनच उडतं. केळी आणि सफरचंद पालेभाज्यांजवळ ठेवू नयेत, इथिलीनने पानं पिवळी पडतात. कच्चं फळ पिकवायचं असेल तेव्हा मुद्दाम त्यांच्याच शेजारी कागदी पिशवीत ठेवावं. कांदे-बटाटे अंधारात, हवेशीर आणि एकमेकांपासून दूर.

भर हंगामात पेटीभर आणलेलं टिकवायचं तर गोठवणं सगळ्यात सोपं. मटार, शेंगा, पालक उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत. अशा उकळीने भाजीतली रंग-चव बिघडवणारी एन्झाइम नावाची द्रव्यं निकामी होतात. ते न करता गोठवलेली भाजी काही आठवड्यांत गवतासारखी लागते. बाजारातला गोठवलेला मटार तोडल्यापासून काही तासांतच असा केलेला असतो, त्यामुळे बिगरहंगामात तो घेण्यात कमीपणा मानू नये. दोन दिवस उन्हात फिरलेल्या ‘ताज्या’ शेंगांपेक्षा तो पुष्कळदा बरा. बाटलीत भरून ठेवताना मात्र सांभाळावं. आंबट पदार्थ साध्या उकळीने टिकतात, पण शेंगा, मका, मशरूम यांच्यासारख्या आंबट नसलेल्या भाज्या हवाबंद भरल्या तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचं विष वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, दाबाखालचीच उष्णता लागते. कच्चा लसूण तेलात बुडवून कट्ट्यावर ठेवून देणं यातच मोडतं. तो थोडाच करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.